भंगारातून डोंगरावर

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

सायकल कोणी शोधली असं विचारलं, तर वाद घालत का होईना, दोन-चार नावं सांगता येतात. पण जाड टायरची, सरळ हँडलची, दगडधोंड्यांतून चालणारी ती ‘माउंटन बाइक’ कोणी शोधली? अमेरिकेत या प्रश्नावर वर्षानुवर्षं हुज्जत चालत आली आहे, आणि गंमत म्हणजे हुज्जत घालणारे बरेचसे एकमेकांचे जुने दोस्त. कारण सरळ आहे. ही सायकल कुठल्या कारखान्यातल्या इंजिनिअरनं कागदावर काढली नव्हती. ती काही तरुण पोरांनी भंगारातून जुळवली, शौक म्हणून. आज काचेआड लाखाची किंमत लावून उभी असलेली सायकल बघितली, की तिचे पूर्वज पाच-पाच डॉलरचे खटारे होते हे सांगूनही पटत नाही.

मी कवी माणूस. सायकलवर बोलायचा याचा अधिकार काय, असं तुम्ही विचाराल. तर अधिकार एवढाच, की माझे मामू तालुक्याच्या गावी सायकलचं दुकान चालवत. तासावर भाड्यानं सायकली द्यायच्या, पंक्चर काढायचं, चाकाचा आउट काढायचा. शाळा सुटल्यावरची माझी निम्मी संध्याकाळ तिथल्या रॉकेलच्या आणि ग्रीसच्या वासात जायची. त्यामुळे हातानं सायकल जुळवणाऱ्या माणसांची गोष्ट मला परकी वाटत नाही, मग ती कॅलिफोर्नियातली का असेना.

सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला गेलं, की मरिन काउंटी लागते. तिथं माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. उंची अडीच हजार फुटांच्या थोडी वर, म्हणजे आपला सिंहगडसुद्धा त्याच्याहून उंच. उन्हाळ्यात तिथलं गवत वाळून कोळ होतं, वणवे लागतात. म्हणून आगीचे बंब जावेत यासाठी डोंगरभर कच्चे रस्ते काढून ठेवलेले. १९६० च्या दशकाच्या शेवटी लार्कस्पर गावची काही पोरं या रस्त्यांवरून जुन्या सायकली खाली सोडू लागली. ‘लार्कस्पर कॅनियन गँग’ असं त्यांचं नाव पडलं. नाव दांडगं, काम एकच : सायकल ढकलत वर न्यायची आणि जीव मुठीत धरून खाली यायचं.

या सायकली होत्या पेपर टाकणाऱ्या पोरांच्या. शिकागोच्या श्विन कंपनीनं १९३३ मध्ये, ऐन मंदीच्या काळात, दोन इंचांहून जाड, फुग्यासारख्या टायरची सायकल बाजारात आणली. चाकाचं माप २६ इंच. (हे माप लक्षात असू द्या, पुढं लागणार आहे.) पेपरचं ओझं घेऊन फुटपाथच्या कडा चढाव्यात-उतराव्यात आणि तरी पोराच्या हातून मोडू नये, अशी तिची बनावट. फ्रेम दणकट, पुढचा चिमटा जरा पुढं झुकलेला, दोन चाकांमधलं अंतर ऐसपैस. पुढं बारीक टायरच्या, दहा गिअरच्या सायकलींची फॅशन आली आणि हे दांडगे प्राणी माळ्यावर, अंगणात, भंगारात जाऊन पडले. १९७३ मध्ये जो ब्रीझ नावाच्या एका शर्यतपटूनं मित्राच्या नादानं १९४१ सालची एक श्विन घेतली, ती पाच डॉलरला. तिच्यावरचे मडगार्ड, कॅरिअर, दिवे, असेल नसेल ते सगळं काढून टाकलं आणि ती डोंगरावर नेली. चिमटा झुकलेला आणि अंतर लांब असल्यामुळे ती उतारावर शांत चालायची. चाक दगडावर आदळलं तरी बसणारा सहजासहजी हँडलवरून पलीकडे जायचा नाही.

या सायकलींना ती मंडळी ‘क्लंकर’ म्हणत. या शब्दाला मराठीत इतका नेमका जोड मिळतो, की भाषांतराचं श्रेय घ्यायलाही लाज वाटावी : खटारा! दोन्ही शब्दांत सायकलचा आवाज आहे.

पुढची गोष्ट ब्रेकची. या खटाऱ्यांना आपल्याकडच्यासारखे रॉडचे ब्रेक नसत. पायडल मागं मारलं, की मागच्या हबमध्ये ब्रेक लागे. गावातल्या रस्त्याला ते पुरेसं होतं. पण फेअरफॅक्स गावाजवळ एक कच्चा रस्ता आहे, साडेतीन किलोमीटरसुद्धा नाही आणि तेवढ्यात सुमारे १३०० फूट खाली उतरतो. एवढा उतार ब्रेक दाबत उतरलं, की हब इतका तापायचा, की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. खाली पोचल्यावर हब खोलायचा, छर्रे पुसायचे, नवं ग्रीस भरायचं, कोन आवळायचे. इंग्रजीत या भरण्याला ‘रिपॅक’ म्हणतात; रस्त्याचंही तेच नाव झालं. मामूंच्या दुकानात या कामाला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणत. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग हे मला कॉलेजात कळलं, पण मामूंचा शब्दच मला जास्त खरा वाटतो. आमच्याकडे सायकलचं ओव्हरऑइलिंग वर्षातून एकदा, दिवाळी-ईदच्या आधी. रिपॅकवाल्यांना ते दर उताराला करावं लागे.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी या रस्त्यावर पहिली शर्यत झाली. सगळ्यांत वेगवान कोण, यावर वाद झाला होता, तो मिटवायचा म्हणून. चार्ली केली हा तिचा कर्ताकरविता. एका रॉक बँडचं सामान वाहून नेणं हा त्याचा पोटाचा धंदा. अ‍ॅलन बाँड्स पहिला आला, कारण न पडता खाली पोचलेला तो एकटाच होता! वाद अर्थात मिटला नाही, म्हणून शर्यती चालू राहिल्या. १९७९ पर्यंत नेमानं, मग १९८३ आणि १९८४ मध्ये पुन्हा. विक्रम ४ मिनिटं २२ सेकंदांचा, गॅरी फिशरचा. दुसरा जो ब्रीझ, दोनच सेकंदांनी मागं. वेंडी क्रॅग या तरुणीनं तो उतार तर जिंकलाच, शिवाय कॅमेरा घेऊन या सगळ्याचे फोटो काढून ठेवले. ते नसते, तर या इतिहासावर कोणी विश्वास ठेवला नसता.

पण शर्यतीपेक्षा मला त्या सायकलींच्या अंगावरच्या सामानाचं अप्रूप आहे. गॅरी फिशरचंच बघा. हा रस्त्यावरच्या शर्यतींतला पट्टीचा खेळाडू. केस लांब ठेवले म्हणून १९६८ मध्ये त्याला शर्यतींतून बाहेर काढलं होतं. १९७४-७५ च्या सुमारास त्यानं आपल्या खटाऱ्याला गिअर बसवले. ढकलत वर न्यायच्या सायकलवर बसून वर जाता यावं, एवढाच हेतू. पण एक वस्तू बदलली, की शेजारची चार बदलावी लागतात, हे सायकल खोलणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. गिअरचं फ्रीव्हील रुंद, त्याला जागा करायला मागच्या चिमट्याचे पाय फाकवावे लागतात. गिअर आले, की पायडल मागं मारून लागणारा ब्रेक गेला. मग दोघांनी चालवायच्या जोडसायकलीचे ड्रम ब्रेक आणले. ते दाबायला सायकलचा नाजूक लिव्हर पुरेना, तेव्हा मोटारसायकलचे लिव्हर आणि केबल बसवल्या. गिअरची मूठ खाली दांडीवर असली, तर खडकाळ उतारावर हँडल सोडावं लागतं. म्हणून अंगठ्यानं ढकलायचे छोटे लिव्हर हँडलवर आले. सीटची उंची पान्याशिवाय बदलता यावी म्हणून तिथं खटका आला, चढाला सीट वर, उताराला खाली. फ्रेम अमेरिकन, ब्रेक जोडसायकलीचे, लिव्हर मोटारसायकलीचे. वजन वीस किलोच्या घरात. आजच्या माउंटन बाइकवर दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी अशा एकेका अडचणीतून आलेल्या आहेत.

फिशरच पहिला का? नाही. १ डिसेंबर १९७४ रोजी मरिनमधल्या मिल व्हॅलीला एक चिखलातली शर्यत झाली, तिथं क्युपर्टिनो गावची तीन पोरं जाड टायरच्या सायकली घेऊन आली. त्यांच्या सायकलींना गिअर होते, ड्रम ब्रेक होते, अंगठ्याचे लिव्हरही होते. त्यांच्या क्लबाचं नाव ‘मॉरो डर्ट क्लब’. मॉरो हे एका जुन्या हबचं नाव. मरिनच्या मंडळींनी त्या सायकली डोळे भरून पाहिल्या. मॉरोवाले घरी परतले, काही दिवसांनी त्यांचा नाद सुटला, आणि इतिहासानं त्यांना बरीच वर्षं विसरून टाकलं.

त्यांच्याही आधी, १९५० च्या दशकात पॅरिसजवळच्या वीस-एकवीस तरुणांनी आपल्या सायकली बदलून जंगलात नेल्या होत्या. आणि १९५३ मध्ये अमेरिकेतच जॉन फिनली स्कॉट यांनी श्विनची फ्रेम, जाड टायर, सरळ हँडल, चांगले ब्रेक आणि गिअर असलेली सायकल जुळवली होती. तिला ते ‘वुडसी’ म्हणत, रानातली. आजच्या व्याख्येत ती चोख बसते. ती एकटीच राहिली. स्कॉट पुढं समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. मला वाटतं, स्कॉट यांच्यापाशी सायकल होती, पण टोळी नव्हती. मरिनला टोळी होती, उतार होता, हार-जीत होती, आणि रविवारी कोणी नवी कळ बसवून आला तर पुढच्या रविवारी ती चोरून आपल्याला लावणारे दहा जण होते. छंदाला शेजारी लागतो. कवितेचंही तेच आहे, पण ते असो.

भंगार संपू लागलं, तशी गोष्ट बदलली. जुन्या श्विन मिळेनात. मिळाल्या तर उतारावर चिमटे वाकायचे, फ्रेमी तडकायच्या. जो ब्रीझ सायकलची फ्रेम बांधायला शिकला होता; १९७४ मध्ये आल्बर्ट आयझेनट्राउट या नामांकित कारागिराकडे त्यानं धडे घेतले होते. १९७७ मध्ये त्यानं विमानाच्या कामात वापरतात त्या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्या घेतल्या आणि नवी फ्रेम झाळली. चिमट्याचा झुकाव मात्र त्या पेपरवाल्या श्विनचाच ठेवला. भंगारात सापडलेला कोन त्यानं उचलला, कारण उतारावर तो खरा ठरला होता. अशा दहा सायकली त्यानं १९७८ पर्यंत केल्या. त्यातली पहिली आता स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

पाठोपाठ टॉम रिची या तरुण फ्रेम बांधणाऱ्यानं काही फ्रेमी केल्या. त्याच्या भागात त्यांना गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्यानं फिशरला विचारलं, तू विकशील का? १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी खिशातल्या थोड्याशा पैशांवर एक गॅरेज भाड्यानं घेतलं आणि ‘माउंटनबाइक्स’ नावानं धंदा मांडला. पुढं या धंद्यात पैसे कोणी घातले, ठाऊक आहे? त्याच जॉन फिनली स्कॉट यांनी. ‘माउंटनबाइक्स’ या नावाचा हक्क मात्र दोघांना मिळाला नाही. नाव साऱ्या जगाचं झालं.

मग मोठे लोक आले. स्पेशलाइज्ड कंपनीच्या माइक सिन्यर्डनं रिचीच्या काही सायकली विकत घेतल्या, आणि १९८१ मध्ये जपानात तयार झालेली ‘स्टंपजंपर’ बाजारात आणली. डोंगरासाठी कारखान्यात मोठ्या संख्येनं तयार झालेली ही पहिली गाजलेली सायकल. पुढच्याच वर्षी जपानच्या शिमानोनं खास डोंगरासाठी म्हणून गिअर-ब्रेकचा संच काढला. म्हणजे जोडसायकलीचे ब्रेक आणि मोटारसायकलीचे लिव्हर शोधत भटकण्याचे दिवस संपले. पंधरा वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकची शर्यत झाली.

यात श्विनचं काय झालं? जिच्या जुन्या फ्रेमवर हे सगळं उभं राहिलं, त्या कंपनीला तो वाराच लागला नाही. १९७८ मध्ये तिनं ‘क्लंकर ५’ नावाची सायकल काढली होती, पण डोंगर उतरण्याची ताकद तिच्यात नव्हती. १९९२ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. चार्ली केलीनं १९८० पासून काही वर्षं ‘फॅट टायर फ्लायर’ नावाचं नियतकालिक चालवलं, १९८३ मध्ये भागीदारी सोडली आणि पियानो एका घरातून दुसऱ्या घरात हलवून देण्याचं काम केलं. गॅरी फिशरच्या नावाचा धंदा १९९३ मध्ये ट्रेक कंपनीकडे गेला. आणि ज्या डोंगरावर हे जन्मलं, तिथं पुढं सायकलींना पुष्कळ पायवाटा बंद झाल्या, बंबाच्या रस्त्यांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली, ती मोजायला रडार घेतलेले रखवालदार उभे राहिले. चालणाऱ्यांची तक्रारही खोटी नव्हती. वळणावरून अचानक वीस किलोचं लोखंड अंगावर येत असेल, तर कोण कौतुक करील?

आता ते २६ इंचाचं माप. १९३३ सालच्या पेपरवाल्या सायकलीचं माप म्हणून खटाऱ्याचं माप, म्हणून ब्रीझचं, म्हणून स्टंपजंपरचं, म्हणून साऱ्या जगाचं. डोंगराला हेच माप योग्य आहे, असा निवाडा कोणी बसून केला नव्हता. भंगारात ते मिळालं, एवढंच. १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जेफ अ‍ॅप्स हा एकटा माणूस चिखलासाठी स्वतःच्या पद्धतीची सायकल जुळवत होता. त्याला फिनलंडमध्ये बर्फासाठी तयार होणारे मोठ्या मापाचे नोकियन टायर सापडले. (होय, मोबाइलवाल्या नोकियाचंच ते भावंड.) त्यानं ते मरिनलाही पाठवले. तिथल्या मंडळींना आवडले, पण पुरवठा नेमानं होईना. तो झाला असता, तर मोठ्या चाकाची माउंटन बाइक वीस वर्षं आधी आली असती, असं माझं मत. ती आली एकविसाव्या शतकात, ‘२९ इंची’ म्हणून, आणि तिचा किल्ला लढवणाऱ्यांत पुढं होता पुन्हा गॅरी फिशर. २६ इंच हळूहळू मागं पडलं.

इथं आपल्या कामाची एक गोष्ट सांगतो. या २९ इंची चाकाची रिम टायर बसतो तिथं ६२२ मिलिमीटरची असते. आपल्या दूधवाल्याच्या काळ्या २८ इंची सायकलीची रिम असते ६३५ मिलिमीटरची! म्हणजे २८ हे २९ पेक्षा मोठं. आणि आपल्याकडची बारीक टायरची २६ इंची रिम ५९०, तर डोंगरी २६ इंची ५५९. आकडा तोच, टायर एकमेकाला बसत नाही. सायकल जुळवणाऱ्याचा निम्मा छंद असल्या मापांत जातो. पायडलचा एक्सल ज्या नळीत बसतो, तिच्याच इतक्या तऱ्हा झाल्या आहेत, की फ्रेम एका कंपनीची आणि एक्सल दुसऱ्याचा घेतला, तर बसेल याची खात्री नाही. मामूंच्या दुकानात एका डब्यात सगळ्या गावाच्या सायकलींचे कोन-कप मावत.

आमच्याकडेही सायकली बदलल्या जात होत्याच. दूधवाला चार मोठे कॅन अडकवायला मागं लोखंडी पट्टीचं कॅरिअर वेल्ड करून घ्यायचा, दुहेरी स्टँड लावायचा. पाववाल्याची पेटी यायची. धारवाल्याची सायकल तर अजबच : स्टँडवर उभी करून पायडल मारलं, की हँडलजवळचा दगड फिरायचा आणि विळीतून ठिणग्या उडायच्या. यांच्यातल्या कुणाचं नाव कुठल्या संग्रहालयात नाही. पण नुसती तक्रार करून भागणार नाही, फरकही बघायला हवा. मरिनच्या पोरांकडे रस्त्यावर चालवायची दुसरी चांगली सायकल होती. खटारा मोडला, तर हसायला विषय मिळत होता. मामूंच्या गिऱ्हाइकाची सायकल एकच, तिच्यावर घर चालायचं. ती बिघडवून बघण्याची चैन त्याला परवडणारी नव्हती. ‘आज रात्री दुरुस्त करा, पहाटे दूध घालायचं आहे,’ असं सांगून तो जायचा. नवं काही करून बघायचं तर हातात कसबाबरोबर एक फालतू, मोडली तरी चालेल अशी वस्तू लागते. मामूंच्या हातात कसब भरपूर होतं. फालतू वस्तू त्या दुकानात एकही नव्हती; पंक्चर झालेली जुनी ट्यूबसुद्धा कापून ठिगळासाठी ठेवलेली असायची.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. त्यानं गेल्या वर्षी १९९० च्या दशकातली एक पोलादी डोंगरी फ्रेम जुन्या बाजारातून आणली. गंज काढला, रंग दिला, रंगावर कुठल्याच कंपनीचं नाव घातलं नाही. चाकं त्यानं स्वतः विणली. एकेक स्पोक आवळत, रिम कुठं डुलते ते बघत, तीन रात्री आउट काढत बसला होता. मी म्हटलं, ‘अरे, तयार मिळते ना?’ तो म्हणाला, ‘मामू, तयार तर मिळतेच.’ फ्रेम अर्थात २६ इंचांची. त्या मापाचे चांगले जाड टायर आता शोधावे लागतात. पुढचा टायर एका मित्राच्या माळ्यावर निघाला. मागच्याचा शोध चालू आहे.